वाण आणि गुण: लेयर शेडच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४

प्रबंधाचा विषय अखेर मंजूर झाला. कागदावरचं शीर्षक लांबलचक आहे. इथे स्वतःपुरतं सोपं करून लिहिते: कोंबडीच्या नावावर लिहिलेला आकडा खरंच तिचा एकटीचा असतो का?

प्रश्न शेडमध्येच पडला. आमच्याकडे पैदाशीच्या मूळ लाइनची कोंबडी पिंजऱ्यात एकटी असते. सोयीचं पडतं, अंडं कुणाचं याचा वाद राहत नाही. या एकटीच्या रेकॉर्डवरून माद्या निवडायच्या, त्यांचे भाऊ निवडायचे. पण त्यांच्या नाती-पणती विट्याकडच्या नाहीतर नाशिककडच्या शेडमध्ये जातात, तेव्हा एका पिंजऱ्यात तिघी-चौघी असतात. परीक्षा एकटीची आणि संसार चौघींचा. एकटीला कोण टोचणार, आणि ती तरी कोणाला टोचणार? टोचकेपणाला आमच्या रजिस्टरात उमटायला जागाच नाही.

सरांनी कपाटातून तीन जाड रजिस्टरं काढून दिली. काही वर्षांपूर्वी एक बॅच चौघींच्या पिंजऱ्यांत ठेवली होती, तिची ही रजिस्टरं. विंगबँड (पंखातली ओळखपट्टी) नंबर, बाप, आई, पिंजरा नंबर, मेली असेल तर तारीख. "यातून काय निघतंय बघ. नाही निघालं तर तसं लिही," एवढंच म्हणाले.

१५ फेब्रुवारी

दिवसभर वाचन. सुरुवात आनुवंशिकीतल्या ब्रूस ग्रिफिंगच्या १९६७च्या लेखापासून केली, कारण पुढचे सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात. लेख ऑस्ट्रेलियातल्या नियतकालिकात आला होता आणि जीवशास्त्रापेक्षा बीजगणितच जास्त आहे. पहिल्या दोन वेळा काही कळलं नाही. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन बसले तेव्हा थोडं उलगडलं.

म्हणणं असं. प्रत्येक जनावराकडे एक नाही, दोन पैदासमूल्यं (जनुकांतून पिल्लांकडे जाणारी किंमत) असतात. पहिलं तिच्या स्वतःच्या कामगिरीवर उमटतं, ते आपण नेहमी मोजतो. दुसरं तिच्या शेजारणींच्या कामगिरीवर उमटतं आणि लिहिलं जातं शेजारणींच्या खात्यात. दोन्ही मूल्यं पिल्लांकडे जातात. चौघींच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीला तीन शेजारणी, म्हणून तिची कळपासाठी खरी किंमत म्हणजे पहिलं मूल्य अधिक दुसऱ्याची तिप्पट. आठजणींचा पिंजरा असेल तर सातपट.

म्हणजे दुसरं मूल्य दिसायला बारीक असलं तरी गुणाकारात मोठं होतं. हे साधं वाक्य डोक्यात शिरायला सकाळचे अकरा ते दुपारचे चार लागले.

२१ फेब्रुवारी

विल्यम म्यूर. अमेरिकेत इंडियानामधल्या पर्ड्यू विद्यापीठातला प्रयोग, निकाल १९९६ साली छापले गेले. व्हाइट लेगहॉर्नची लाइन. एका नराच्या मुली एकाच पिंजऱ्यात ठेवायच्या आणि निवड एकेकीची करायची नाही, अख्ख्या पिंजऱ्याची करायची. पिंजरा पास तर सगळ्या पास.

आकडे वहीत उतरवून ठेवते, कारण सेमिनारमध्ये कोणी विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्या पिढीत वर्षभरातली मरतूक ६८ टक्के. चौथ्या पिढीत ८.८ टक्के. तुलनेसाठी निवड न केलेल्या कोंबड्या एकेकट्या पिंजऱ्यात होत्या, त्यांच्यातली मरतूक ९.१. म्हणजे दोन पिढ्यांत गर्दीतल्या कोंबड्या एकटीइतक्याच सुखरूप राहू लागल्या. वर्षात जगण्याचे सरासरी दिवस १६९ वरून ३४८. पिंजऱ्यात टाकलेल्या प्रत्येक कोंबडीमागे अंडी ९१ वरून २३७. अंड्याचं वजन होतं तेवढंच राहिलं.

या कोंबड्यांना नाव पडलं 'किंडर जेंटलर बर्ड', म्हणजे जास्त मायाळू, जास्त मवाळ पक्षी. आद्याक्षरं जुळवली की केजीबी! हा विनोद करणाऱ्याला माझा नमस्कार.

खटकलेली गोष्ट वेगळी आहे. जगण्याची हेरिटॅबिलिटी (फरकातला आनुवंशिक वाटा) कमी, निवडीने फार फरक पडत नाही, असं आम्ही पहिल्या वर्षापासून पाठ करतो. मग हा फरक आला कुठून? उत्तर एका ओळीचं: आम्ही मेलेल्या कोंबडीच्या जनुकांत कारण शोधत होतो, आणि कारण मारणारीच्या जनुकांत होतं.

२६ फेब्रुवारी

रजिस्टर एक्सेलमध्ये भरायला घेतलं. पहिला फटका असा की अंडी पिंजऱ्याच्या नावावर आहेत, कोंबडीच्या नाही. रोज चार कोंबड्यांमागे तीन अंडी, त्यातलं कुणाचं कोणतं, देव जाणे. अंडी बाद. उरले जगण्याचे दिवस. पिंजऱ्यात टाकल्याची तारीख आहे, मेल्याची तारीख आहे, वजाबाकी करायची. शेवटपर्यंत जगलेल्या सगळ्यांचा आकडा एकच येतो हे अडचणीचं आहे, पण त्यावर उपाय आहेत.

दुसरी गोष्ट नशिबाने मिळाली. रजिस्टरच्या आतल्या कव्हरवर शिसपेन्सिलीने लिहिलंय, "डीबीकिंग नाही. मशीनचं ब्लेड गेलं." चोची कापल्या असत्या तर टोचण्याचा बराचसा परिणाम झाकून गेला असता. त्या बॅचच्या वाट्याला जे आलं ते वाईटच, माझ्या हाती मात्र वापरण्याजोगा डेटा आला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

४ मार्च

आज संगणक बंद ठेवून कागदावर हिशेब केला. आकडे मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.

समजा स्वतःवरच्या परिणामाचा व्हेरियन्स, म्हणजे कोंबडी-कोंबडीतल्या फरकाचं माप, १००. शेजारणीवरच्या परिणामाचा २५. आणि दोन्हींतला को-व्हेरियन्स (दोन्ही एकत्र कसे बदलतात त्याचं माप) उणे ४०, म्हणजे जी स्वतःचं चांगलं भागवते ती शेजारणीच्या मुळावर उठते. आता अनोळखी, एकमेकींशी नातं नसलेल्या कोंबड्या पिंजऱ्यात टाकून त्यांतली सर्वांत चांगली निवडत गेलं तर कळपाची सरासरी कुठल्या दिशेला जाईल? १०० अधिक शेजारणींची संख्या गुणिले उणे ४०.

पिंजऱ्यात दोघी: १०० − ४० = ६०. छान, सरासरी वर.
तिघी: १०० − ८० = २०. अजून वर, पण रखडत.
चौघी: १०० − १२० = उणे २०.

इथे थांबले. कोंबड्या त्याच, जनुकं तीच, निवडीचा नियमही तोच. फक्त चौथी कोंबडी आत आली आणि दर पिढीला उत्तमातली उत्तम निवडूनसुद्धा कळप खाली चालला. दोघींच्या पिंजऱ्यात जी गुणवान ठरते, चौघींच्या पिंजऱ्यात तिचीच निवड कळपाला बुडवते. (एकीचा एकीवर होणारा परिणाम पिंजऱ्याच्या आकाराने बदलत नाही असं इथे धरलंय. खरं तर गर्दी वाढली की एकटी कोंबडी सगळ्यांपर्यंत पोचत नाही, परिणाम पातळ होतो. ते नंतर.)

मग नात्याचा हिशेब. एकूण पैदासमूल्याचा (पहिलं अधिक तिप्पट दुसरं) व्हेरियन्स, म्हणजे १००, उणे ४०ची सहापट आणि २५ची नऊपट: १०० − २४० + २२५ = ८५. पिंजऱ्यातल्या चौघी सावत्र बहिणी, म्हणजे बाप एक आणि आया वेगळ्या असतील, तर ८५चा चौथा हिस्सा अधिक उणे २०चा पाऊण हिस्सा: २१.२५ − १५ = ६.२५. सख्ख्या बहिणी असतील तर ४२.५ − १० = ३२.५.

उण्याचं अधिक झालं, तेही निवडीचा नियम न बदलता, फक्त कोणाला कोणाशेजारी ठेवलं यावर! आपल्याकडे भाऊबंदकी म्हणजे भांडण, इथे नेमकं उलट. यात मायेचा भाग नाही हे मात्र लक्षात ठेवायला हवं. सख्खी बहीण म्हणून कोणी चोच आवरत नाही. टोचणारीने केलेलं नुकसान तिच्याच घराण्याच्या खात्यात पडतं आणि ते घराणं यादीत खाली जातं, इतकंच.

रात्री ताईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या ऑफिससारखंच." मी विषय बदलला.

११ मार्च

गडबड. १८७ नंबरच्या पिंजऱ्यात टाकलेली कोंबडी मेली २१२ मध्ये. टायपिंगची चूक समजून मूळ पान पाहिलं, तर पानावरही तसंच. अशा अजून सापडल्या. एका पिंजऱ्यात तर शेवटी पाच वेगवेगळ्या बापांच्या मुली होऊन गेल्या, आणि पिंजरा चौघींचा!

माझा सगळा डोलारा 'कोणाशेजारी कोण' यावर उभा आहे, आणि नेमकं तेच डळमळलं.

१२ मार्च

शेडवर गेले. जुनी बॅच सांभाळणारे मामा अजून तिथेच आहेत. विचारलं तर क्षणभरही न थांबता म्हणाले, "मग काय करायचं ताई? दोन मेल्या की पिंजरा अर्धा रिकामा. सायेब म्हणायचं जागा वाया जाती. मग हिकडच्या दोन तिकडं टाकायच्या."

"मग रजिस्टरात का नाही लिहिलंत?"

"रजिस्टरात त्याचा रकानाच न्हवता."

खरंच नव्हता. रागवायचं कोणावर? पण मामांची स्वतःची एक डायरी होती. खाद्याच्या हिशेबाची, कुठल्याशा औषध कंपनीची फुकट मिळालेली. त्यात कोपऱ्यात बारीक अक्षरात: "१८७ ची दोन २१२ ला." तारखेसकट. वर्षभराच्या सगळ्या हलवाहलवी त्यात आहेत. ती डायरी मी दोन्ही हातांनी धरून बाहेर आणली.

निघताना मामांनी सध्याच्या बॅचमधला एक पिंजरा दाखवला. तिघींच्या पाठी उघड्या, शेपटीजवळ लाल झालेल्या. चौथी मात्र तुकतुकीत, तुरा लालबुंद, एक पीस इकडचं तिकडे नाही. "ही बघा. कोणीबी म्हणंल हीच झ्याक हाय. हीच टोचकी." मग हसून म्हणाले, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या..."

वाक्य मी पूर्ण केलं: वाण नाही पण गुण लागला.

घरी येईपर्यंत ती म्हण डोक्यात फिरत होती. म्हणीत वाण एकीकडे आहे आणि गुण दुसरीकडे. वाण रक्तातून येतो, गुण संगतीने लागतो, दोन्हींचा संबंध नाही. ग्रिफिंग म्हणतो तो यातला अर्धाच भाग मान्य करील. पवळ्याला गुण लागला हे खरं. पण ढवळ्याकडे लावायला जो गुण होता, तो ढवळ्याच्या वाणातूनच आलेला असू शकतो. आणि तसं असेल तर ढवळ्याची वासरंही पुढे ज्याच्याशेजारी बांधली जातील त्याला तोच गुण लावणार. पवळ्याच्या वहीत कितीही शोधलं तरी हे सापडायचं नाही.

२० मार्च

डायरी आणि रजिस्टर जुळवून झालं. कोंबडी पहिल्यांदा हलवली त्या दिवसापर्यंतचाच काळ धरायचा, त्यापुढचं बाजूला ठेवायचं असं ठरवलं. डेटा बराच कमी झाला. ऊन वाढलंय, शेडवर फॉगर सुरू झालेत. दुपारी लाइट गेले आणि सेव्ह न केलेली फाइलही गेली.

२ एप्रिल

मॉडेल चालेना. वॉम्बॅट नावाचं सॉफ्टवेअर वापरतेय, फुकट आहे आणि अशा कामाला पुरेसं आहे. फाइलमध्ये प्रत्येक कोंबडीच्या ओळीत तिचे दिवस आणि पुढे तिन्ही शेजारणींचे नंबर. पिंजऱ्याचा वेगळा परिणामही घातलाय, कारण एखादा पिंजरा पंख्याच्या समोर, एखादा पत्र्याखाली तापणारा. तो वगळला तर जागेचा दोष जनुकांवर ढकलला जातो.

दोन मूल्यांतलं कोरिलेशन प्रत्येक वेळी थेट टोकाला जाऊन बसतं आणि एरर इतक्या मोठ्या येतात की उत्तराला अर्थ उरत नाही. तीन दिवस माझीच चूक शोधत बसले.

चूक कोडमध्ये नव्हतीच. त्या बॅचमध्ये बहुतेक पिंजऱ्यांत चौघीही एकाच बापाच्या आहेत. पिल्लं ट्रेमधून बापवार आली, तशीच पिंजऱ्यांत गेली. कोणीतरी सोयीचं पाहिलं. आता एखाद्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या लवकर मेल्या तर या बापाच्या मुली नाजूक म्हणून मेल्या, की या बापाच्या मुली टोचक्या म्हणून मेल्या? मेलेल्याही त्याच घराण्यातल्या, मारणाऱ्याही त्याच. संगणक बिचारा काय वेगळं करणार?

सरांना मेसेज केला: "डेटा निरुपयोगी आहे." उत्तर आलं: "चहाला ये."

५ एप्रिल

चहावर सरांनी एकच प्रश्न विचारला. "दोन मूल्यं वेगळी करायची तुला गरज आहे का?"

मी म्हटलं, विषयच तो आहे. ते म्हणाले, "विषय तुझा आहे. पैदास करणाऱ्याला काय हवंय ते सांग."

पैदास करणाऱ्याला बेरीज हवी. पहिलं मूल्य अधिक तिप्पट दुसरं. आणि पिंजरा एकाच बापाच्या मुलींचा असेल तर त्या पिंजऱ्याची सरासरी बेरीजच सांगते. त्यात नाजूकपणाही आला आणि टोचकेपणाही आला. म्यूरने मुद्दाम केलं ते हेच. आमच्याकडे ट्रे उतरवणाऱ्याने नकळत केलं. इतके दिवस डेटातला दोष म्हणून जे मी शिव्या देत होते, ती मांडणी १९९६च्या त्या लेखात पद्धत म्हणून छापलेली आहे. आणि तो लेख मी फेब्रुवारीत वाचून वर नोटसुद्धा काढली होती!

दुपारी बापवार पिंजऱ्यांच्या सरासरी काढल्या. दुसऱ्या बाजूला याच बापांची जुनी यादी ठेवली, एकेकट्या पिंजऱ्यातल्या मुलींच्या अंड्यांवरून केलेली. जुन्या यादीत अगदी वर असलेला एक नर इथे तळाला आहे. दोन याद्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, त्यामुळे यावरून लगेच काही ठोकून द्यायचं नाही. तरी तो नंबर मी लाल पेनाने गोल केला.

१६ एप्रिल

विभागात सेमिनार झाला. म्यूरचे आकडे दाखवले, मग नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाचं काम. पीटर बेइमा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली टोचण्याने मरतूक जास्त असलेल्या लेयर कोंबड्यांच्या जगण्याच्या दिवसांचं विश्लेषण केलं. नेहमीच्या पद्धतीने जेवढा आनुवंशिक फरक दिसतो त्याच्या तिप्पट फरक खरा निघाला. दोन तृतीयांश भाग शेजारणींच्या खात्यात दडलेला होता.

डुकरांचं काम लोकांना जास्त पटलं, का ते कळलं नाही. २००८च्या अभ्यासात चौदा हजारांवर डुकरं होती. वाढीच्या वेगात एकूण आनुवंशिक भाग ७१ टक्के, खाद्य खाण्यात ७० टक्के, आणि त्यातला बहुतेक सोबत्यांमार्फत येणारा. पण चरबीची आणि स्नायूची जाडी पाहिली तर तिथे सोबत्यांचा वाटा शून्य. मला ही शून्यं फार आवडली. पद्धत सगळीकडे भूत पाहणारी असती तर इथेही तिला भूत दिसलं असतं.

पुढे त्याच गटाने डुकरांना सोबत्यांवरच्या परिणामानुसार दोन गटांत पाडून त्यांचं वागणं पाहिलं. सोबत्यांच्या वाढीला पोषक ठरणारी डुकरं एकमेकांना कमी चावत होती, कान-शेपट्यांची ओढाताण कमी होती, आणि चघळायला टांगलेली गोणपाटंही त्यांनी कमी फाडली. आकड्यांतल्या गोष्टीला गोणपाटाचा पुरावा मिळाला, हे मी जरा रंगवून सांगितलं. हशा आला.

मग प्रश्न. एक ज्येष्ठ म्हणाले, "यात नवं काय? आईचा परिणाम आपण साठ वर्षं मोजतोय." बरोबरच आहे. विलहॅमचं मांडणं १९६३चं. आईचं दूध हे कोकराच्या वजनावर उमटणारं आईचं जनुक. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्ण तयार केली, तिथे तर एका कासेवर दोन तोंडं. एक कोकरू जोरात ओढतं तेव्हा दुसऱ्याच्या वजनात त्याचाही हात असतो. आपण आईचा हिस्सा वेगळा काढतो आणि भावाला सोडून देतो, एवढंच मी उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली. होकारार्थी होती की नाही ते सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. खाद्यात मीठ कमी पडलं तरी कोंबड्या टोचतात, उजेड जास्त झाला तरी टोचतात, प्रथिनं कमी पडली तरी टोचतात. हे व्यवस्थापन आहे, यात जनुकं कुठून आली? मी म्हटलं, मीठ अख्ख्या शेडला कमी पडतं. त्याच शेडमध्ये, त्याच खाद्यावर एका बापाच्या मुली पंधरा ठिकाणी विखुरलेल्या असताना बहुतेक ठिकाणी तेच घडत असेल तर बापाकडे बघावं लागतं. पण मीठ तपासायचं सोडून नर बदलत बसू नये, हेही खरंच.

७ मे

नव्या बॅचची आखणी. या वेळी दोन्ही मूल्यं वेगळी काढायची आहेत, म्हणून एका पिंजऱ्यात एकच घराणं चालणार नाही. चार वेगवेगळ्या घराण्यांच्या चार हाही सर्वोत्तम मार्ग नाही. बेइमाने २०१०मध्ये दाखवलं की एका गटात दोनच घराणी ठेवली तर अंदाज सर्वांत नेमका येतो. म्हणून दोन मुली एका बापाच्या, दोन दुसऱ्याच्या. पुढच्या पिंजऱ्यात जोडी बदलायची. प्रत्येक बापाची गाठ शक्य तितक्या वेगवेगळ्या बापांशी पडली पाहिजे. लग्नाच्या पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचं हे ठरवणाऱ्या आत्याची फार आठवण आली.

चोचींवरून मात्र दोन तास वाद झाला. चोच कापली तर मला पाहायचं आहे ते दिसणार नाही. नाही कापली तर कोंबड्या मरतील, आणि या वेळी ब्लेड गेलं म्हणून नाही, आम्ही ठरवलं म्हणून मरतील. नैतिक समिती ते मान्य करणार नाही, आणि करूही नये.

तोड निघाली ती अशी. चोची कापायच्या नाहीत, पण मरण मोजायचं नाही. पिसं मोजायची. दर पंधरवड्याला पाठ, मान, शेपूट यांना गुण द्यायचे. पीस उपटलं जातं ते शेजारणीकडून, म्हणजे मला हवी ती खूण मरणाच्या कितीतरी आधी मिळते. उजेड मंद ठेवायचा. रक्त दिसलं की ती कोंबडी त्याच दिवशी बाहेर काढायची, आणि तिच्या जागी दुसरी घालायची नाही. हे शेवटचं वाक्य मी ठळक केलंय.

हा प्रश्न फक्त माझ्या प्रबंधापुरता नाही. नेदरलँड्समध्ये २०१८पासून चोची कापायला बंदी आहे. युरोपीय संघात जुन्या पद्धतीचे पिंजरे २०१२पासून गेले, आता तिथे बऱ्याच ठिकाणी मोठे मोकळे कळप. पाते हातातून गेलं की स्वभावाकडे बघावंच लागतं. पण शेकडोंच्या मोकळ्या कळपात शेजारीण कोण हे कसं लिहायचं? पिंजऱ्यात निदान चौघींची यादी करता येते.

१० जून

पिल्लं निघाली. विंगबँड लावून झाले. दिवसभर वाकून पाठ गेली.

२२ जुलै

पाऊस. शेडमध्ये ओल आहे, लिटर (खाली पसरलेला भुसा) दोनदा बदललं. नोंद करण्यासारखं दुसरं काही नाही. फावल्या वेळात म्यूरचा २००५चा लावे पक्ष्यांवरचा प्रयोग वाचला. एका गटात नेहमीच्या पद्धतीने वजनासाठी निवड, दुसऱ्यात शेजाऱ्यांवरचा परिणाम धरून. दुसऱ्या गटात वजन वाढलं आणि मरतूक उतरली. पहिल्यात मरतूक वाढली, आणि ज्या वजनासाठी एवढी निवड केली तेही वाढलं नाही. इथे तर गट पाडून निवड करावी लागली नाही, मॉडेलमध्येच शेजारी घातले. मार्चमधला माझा उणे २० कोणीतरी खऱ्या पक्ष्यांवर पाहिलेला आहे तर.

७ ऑक्टोबर

तलंगा सतरा आठवड्यांच्या झाल्या, आज पिंजऱ्यांत टाकल्या. मी यादी वाचत होते, मामा आणि दोघं जण पक्षी आणून देत होते. प्रत्येकीच्या पायात बापाप्रमाणे रंगीत रिंग आहे, म्हणजे चूक लांबूनच दिसते. तरी दोन पिंजऱ्यांत तीन-एक झालंच. संध्याकाळी दुरुस्त केलं.

जुन्या यादीत वर आणि पिंजऱ्यांच्या सरासरीत तळाला असलेल्या त्या नराच्या मुलाच्या मुली या बॅचमध्ये आहेत. त्यांची रिंग निळी. मुद्दाम ठेवल्यात. पिसांचे गुण देणाऱ्याला रंगाचा अर्थ सांगितलेला नाही. मला माहीत असल्यामुळे गुण मी स्वतः द्यायचे नाहीत असंही ठरलंय, आणि हे पाळणं अवघड जाणार आहे. आज जातायेता चारदा निळ्या रिंगांकडे बघून आले.

२१ ऑक्टोबर

पिसांचे पहिले गुण दिले. सगळ्या अजून झकपक, फरक असा नाही. अंडी सुरू झाली की कळेल, टोचाटोचीचा खरा काळ तोच.

९४ नंबरमध्ये एका कोंबडीचा पाय जाळीत अडकून सुजला, बाहेर काढली. मामांनी सवयीने शेजारच्या पिंजऱ्यातून एक उचलली आणि दाराशी जाऊन थांबले. माझ्याकडे बघितलं, मग रजिस्टरकडे. नव्या रजिस्टरात विंगबँड आणि पिंजरा यांच्यामध्ये एक रकाना आखलाय: 'हलवली: कधी, कुठून, कुठे.' त्यांनी हातातली कोंबडी परत जागेवर ठेवली, कानावरचं पेन काढलं आणि लिहिलं: ९४, एक बाहेर, पाय, जागा रिकामी.